संगणकातला तारा फुटतच नव्हता

प्रश्न : महाकाय ताऱ्याचा गाभा सेकंदभराच्या आत कोसळतो, असे वाचनात आले. मग हीच घटना महासंगणकावर उभी करायला महिने का लागतात? शिवाय कित्येक वर्षे संगणकातले तारे फुटतच नव्हते, हे खरे आहे काय?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. होय, ते खरे आहे. सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड ताऱ्याच्या केंद्रात अखेरीस लोखंड साचते. त्याच्या संमीलनातून, म्हणजे केंद्रके एकत्र जुळण्यातून, ऊर्जा मिळत नसल्यामुळे हा गाभा चंद्रशेखर मर्यादेजवळ, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाला पोहोचला की स्वतःच्याच भाराने कोसळतो, अणुकेंद्रकाइतका घट्ट झाल्यावर अडतो आणि त्या धक्क्यातून आघाततरंग बाहेर निघतो. हा तरंग तारा उडवून देईल अशी अपेक्षा होती. परंतु वाटेतली लोखंडाची केंद्रके फोडण्यातच त्याची शक्ती सरते आणि शे-दीडशे किलोमीटरवर तो थबकतो.

थबकलेल्या तरंगाला गाभ्यातून निसटणारे न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून बहुधा न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, उष्णता देऊन पुन्हा चालना देतात, ही कल्पना बेथे आणि विल्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ साली मांडली. मात्र पुढे न्यूट्रिनोंचा हिशेब जसजसा काटेकोर झाला, तसतसे तारा सर्व दिशांनी अगदी सारखा मानणारे जवळजवळ सगळे संगणकी नमुने न फुटता राहिले. उकळत्या आमटीत तळचे वर येते आणि वरचे खाली जाते, तशी खळबळ या नमुन्यांत होऊच शकत नव्हती. द्विमितीय गणितात तारे फुटू लागले तेव्हा मोठा आनंद झाला, पण तोही काहीसा फसवाच, कारण दोन मितींत भोवऱ्यांची ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांकडे वळते, तर प्रत्यक्षात ती लहान भोवऱ्यांत विरत जाते. तेव्हा त्रिमितीला पर्याय नाही.

महिने लागतात ते इथे. आपल्याकडे चादरीवरचा मोर विणण्याआधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात; चौकट जितकी बारीक, तितका पिसारा गोलसर आणि तितकीच मेहनत अधिक. ताऱ्याचेही असेच घनाकृती तुकडे पाडतात. तुकड्याची बाजू निम्मी केली की तुकडे आठपट होतात, आणि एका पावलात कोणताही तरंग एका तुकड्यापलीकडे जाता कामा नये म्हणून काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते. म्हणजे काम सोळापट. हे पाऊल सेकंदाच्या दशलक्षांशाच्या आसपास असते. त्यातच प्रत्येक तुकड्यात न्यूट्रिनो किती ऊर्जेचे, कोणत्या दिशेने चालले, याचा हिशेब ठेवायचा. माझ्या मते खरा खर्च तोच आहे.

तो टाळताही येत नाही, कारण स्फोटाची सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनोच वाहून नेतात. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठा मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला तेव्हा पृथ्वीवरील उपकरणांनी त्यांतले जेमतेम दोन डझन टिपले. पण ते काही सेकंदांत विखरून आले आणि न्यूट्रिनोंबाबतचे गणित मुळात बरोबर असल्याचे त्यावरून दिसले.