खाटेवरून पाहण्याजोगी अळी

प्रश्न : बाबांच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तरी अजून दोन-अडीच महिने खाटेवरच काढायचे आहेत. टीव्ही नको म्हणतात, दिवसभर आढ्याकडे पाहत राहतात. परवा नातवानं संत्र्याच्या पानावरची अळी आणून दाखवली, तर तासभर तिच्याकडेच पाहत बसले. ही अळी घरात ठेवता येईल का? काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : जरूर ठेवा. बागाईतदारानं आयुष्यभर जिच्यावर फवारणी केली तीच ही अळी, त्यामुळे बाबांना तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. फक्त इतक्या निवांतपणे ती त्यांनी कधी पाहिली नसेल. केसाळ सुरवंट मात्र आणू नका, त्याच्या केसांनी अंगाला खाज सुटते. संत्रा-लिंबावरची ही अळी गुळगुळीत असते.

मोठी अळी आणण्यापेक्षा अंडं शोधा. कोवळ्या पालवीवर मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर, गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. मोठ्या अळीच्या पोटात बारीक गांधीलमाशीनं आधीच अंडी घातलेली असू शकतात. मग फुलपाखराऐवजी त्या माश्याच बाहेर पडतात आणि आजारी माणसाचा विरस होतो.

डहाळी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसानं गच्च बंद करा. हे विसरलं की अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडून मरते. बऱ्याच अळ्या अशाच जातात. बाटली पाणी भरलेल्या ताटलीत ठेवली की मुंग्या चढत नाहीत. वरून मच्छरदाणीचा तुकडा टाका. झाकणबंद बरणी नको, आत ओल धरून अळी सडते. कूलरचा झोत थेट लागला तर पानं सुकतात. पानं फवारणी न झालेल्या झाडाचीच हवीत. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत मुरलेलं असतं, ते धुऊन जात नाही. बागेत फवारणी झाली असेल तर परसातलं लिंबू किंवा देवळाजवळचा बेल चालतो. पानं रोज बदला, पण अळी चिमटीत उचलू नका. ती बसलेलं पानच कापून नव्या डहाळीवर ठेवा.

बाटली बाबांच्या डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर असू द्या. मान वळवावी लागली तर दोन दिवसांत कंटाळतील. एक भिंग द्या.

अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. सुरुवातीची अळी काळपट, मध्ये पांढरा डाग असलेली, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पक्षी फसावेत म्हणूनच हे सोंग. मग ती चार वेळा कात टाकते. त्याआधी जवळजवळ दिवसभर खाणं सोडून निश्चल बसते. मेली समजून फेकू नका, हलवूही नका. शेवटच्या कातीनंतर ती हिरवी होते आणि भराभरा पानं फस्त करते. काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुभंगी शिंग बाहेर येतं, आंबूस-उग्र वास सुटतो. गंमत एकदाच करा, उगाच छळ नको.

साधारण दोन आठवड्यांनी पातळ विष्ठा टाकून ती इकडेतिकडे भटकू लागली की आत एक खरखरीत वाळकी काडी उभी करा. अळी कमरेभोवती रेशमाचा धागा बांधते आणि तिचा कोश होतो. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, फुलपाखरू निघतं. हिवाळ्यात कोश महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो, म्हणून पावसाळ्यातली पालवी बरी. निघाल्यावर ओले पंख लोंबते ठेवायला मोकळी जागा हवी. ते खाली पडलं आणि परत चढू शकलं नाही तर पंख कायमचे चुरगळलेले राहतात. लालसर थेंब पडले तरी ते रक्त नव्हे.

पंख वाळायला दोनेक तास लागतात. ऊन असताना सोडा, पण शेजाऱ्याच्या कलमांच्या रोपवाटिकेजवळ नको, तिथली नवी पालवी अंडी घालायला त्याला फार आवडते. पुढचं अंडं त्याच दिवशी आणून ठेवा, म्हणजे बाटली रिकामी राहणार नाही. आणि पानं मोजायचं, कात कधी टाकली ते वहीत लिहायचं काम बाबांकडेच द्या.