डिमेन्शिया झालेल्या वारकऱ्याला हरिपाठाला येऊ द्यावं का?

तुम्ही विचारलंय की गावच्या विठ्ठल मंदिरात रोज हरिपाठ होतो, तिथल्या एका जुन्या माळकऱ्यांना डिमेन्शियाचं निदान झालंय. ते मध्येच उठतात, तेच तेच विचारतात, टाळ चुकतो. मंडळाने काय करावं, की घरच्यांना ‘आता आणू नका’ म्हणावं?

तसं अजिबात म्हणू नका. ज्याने जन्मभर टाळ धरला त्याला ताल चुकतो म्हणून घरी बसवायचं असेल, तर पाटीवरचं ‘भजनी मंडळ’ पुसून ‘गायन क्लास’ लिहा.

डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात आधी अलीकडची आठवण जाते. दुपारी जेवलो की नाही हे आठवत नाही, पण लहानपणी पाठ झालेले अभंग आणि हातात बसलेला टाळ पुष्कळ काळ टिकतो. म्हणून क्रम रोज तोच आणि चाल तीच ठेवा. नव्या चालीची हौस एकादशीच्या जागराला भागवा. वीणा मात्र त्यांच्या गळ्यात घालू नका. विणेकऱ्याला उभं राहावं लागतं आणि दुसऱ्याने घेईपर्यंत वीणा खाली ठेवता येत नाही. टाळ द्या, आणि माइकपासून लांब बसवा, माणसांपासून नव्हे.

जागा रोज एकच, कडेची, खांबाला लागून. हातांची खुर्ची, शेजारी रोज तोच जोडीदार. स्पीकर आणि पखवाज कानाशी नकोत. एकदम आलेल्या मोठ्या आवाजाने माणूस बिथरतो. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, कारण तिन्हीसांजेला अशा माणसांची घालमेल वाढते आणि सावल्या माणसांसारख्या दिसतात. दारातलं काळं पायपुसणं उचला. त्यांना ते खड्ड्यासारखं दिसू शकतं, मग उंबरठ्यावर पाय अडतो आणि लोक म्हणतात, हट्ट करतात. मध्येच उठण्याला बहुतेक वेळा साधं कारण असतं: लघवी, तहान, गुडघा. सगळ्यांदेखत विचारू नका. ‘चला, हात धुऊन येऊ’ म्हणत जोडीदाराने उठावं. सुरुवातीच्या अर्ध्या तासानंतर ते थकले, तर तेवढाच हरिपाठ पुरे.

‘मला ओळखलंत का?’ ही परीक्षा कुणीही घेऊ नये. वारकऱ्यांत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, त्यामुळे त्यांना कुणाचं नाव आठवावंच लागत नाही. ही सोय आपल्याकडे आयती आहे, ती वापरा.

प्रसादाकडे फार कमी जण बघतात. आजार पुढे सरकला की गिळणं बिघडतं; शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे घशात अडकतात. मऊ शिरा किंवा पिकलं केळं द्या, बसवून, थोडं थोडं. आरतीचं तबक त्यांच्या हाताशी ठेवू नका. कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि पोटात गेला तर फिट येऊ शकते. दानपेटीत पुन्हा पुन्हा नोटा टाकताना दिसले तर खजिनदाराने घरच्यांना कळवून पैसे परत करावेत. देवळाला त्यात काही कमी पडत नाही.

एकादशीला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी ठेवू नका. साखर एकदम उतरते. एक-दोन दिवसांत अचानक बरळणं किंवा गुंगी वाढली, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, नवं औषध यांनी तसं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निदान करताना बी-12 आणि थायरॉइड तपासलं होतं का, हेही घरच्यांना विचारा. माळकरी शाकाहारी, त्यात वय झालेलं आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-12 कमी असण्याची शक्यता चांगलीच असते. त्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो भाग उपचाराने सुधारू शकतो.

ज्येष्ठ-आषाढात जास्त जपा. वर्षानुवर्षं वारी केलेला माणूस पिशवी उचलून चालू लागतो. सदऱ्याच्या आतल्या बाजूला घरचा फोन नंबर शिवून ठेवा. पूर्वीच्या दिंडीचा क्रमांक, रथापुढची की रथामागची, हे घरात लिहून ठेवा. शोधायची वेळ आली तर तिथून सुरुवात होते.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर मी हे लिहायला बसलो ती सांगतो. ‘नाम घेणाऱ्याला विस्मरण होत नाही’, ‘हे पूर्वकर्म’ अशी वाक्यं कीर्तनाच्या गादीवरून बोलली जातात. या वाक्यांशी माझं जुनं भांडण आहे. समोर त्याच माणसाची सून बसलेली असते. ती पुढच्या वेळी येत नाही आणि तिच्याबरोबर म्हातारेबुवाही दिसेनासे होतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. त्यांच्यात नाम घेणारे नाहीत, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? वाढतं वय, रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं ही जोखमीची कारणं आहेत. बुवांनी त्यावर पाच मिनिटं बोलावं. अंगारा आणि देवऋषी सुचवणाऱ्याला मंडळानेच तिथल्या तिथे गप्प करावं.

एक राहिलंच. हरिपाठाने हा आजार बरा होत नाही, आणि सगळ्यांना गर्दी मानवतेच असंही नाही. बिथरत असतील, हात उगारत असतील, तर ओढून आणू नका. दोघांनी टाळ घेऊन घरी जावं, चार अभंग हळू आवाजात म्हणावेत. अंथरुणाला खिळल्यावरही हे चालतं.

आणि घरच्यांना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कुणीच सांगत नाही. ‘बुधवारी तीन ते पाच आम्ही दोघं बसतो, तुम्ही झोपा किंवा बाहेर जाऊन या’ असं ठरवून टाका. बसण्याआधी सुनेला एवढं विचारून घ्या: गोळ्या कधीच्या, लघवीला जायचं असलं की ते काय करतात आणि बाहेरच्या दाराची कडी कोणती.