गव्हातील उत्परिवर्ती गुण पुढील पिढ्यांत कसे उतरतात?

प्रश्न : गव्हाच्या बियाण्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया केल्यावर पहिल्या पिढीत रोपे मूळ वाणासारखीच दिसतात. दुसऱ्या पिढीत एखादे वेगळे झाड आढळले, तरी ३:१ (मूळ गुणाची तीन झाडे, वेगळ्या गुणाचे एक) हे प्रमाण सहसा जुळत नाही. असे का होते, आणि वेगळा गुण टिकेल की नाही हे कसे ओळखावे?

उत्तर : बहुतेक उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) अप्रभावी, म्हणजे जोडीतील दोन्ही जनुके बदललेली असतील तरच दिसणारी असतात आणि जोडीतील एकाच जनुकात घडतात, त्यामुळे पहिल्या पिढीत ती झाकलेली राहतात. शिवाय बियाण्यातील गर्भ अनेक पेशींचा असल्याने बदल सगळ्या झाडात नसून काही फुटव्यांपुरताच असतो. म्हणून पहिल्या पिढीत प्रत्येक ओंबीचे दाणे वेगळे ठेवून त्यांची स्वतंत्र ओळ पेरावी. सगळे बी एकत्र केल्यास प्रमाण बिघडणारच.

मोठी अडचण मात्र गव्हाच्या घडणीतच आहे. साध्या गव्हाच्या ४२ गुणसूत्रांत अ, ब आणि ड असे प्रत्येकी सात जोड्यांचे तीन संच असतात. ५ब गुणसूत्रावरील पीएच१ जनुकामुळे गुणसूत्रे आपापल्या संचातील जोडीदाराशीच जुळतात, त्यामुळे प्रत्येक जनुक मेंडेलच्या नियमानेच उतरते. पण एकच काम करणारी जनुके तिन्ही संचांत असल्यास एकातील बिघाड इतर दोन भरून काढतात. तिन्ही जोड्यांत फरक असलेल्या संकरात अप्रभावी रूप ६४ पैकी एकाच झाडात दिसते. स्वीडिश शास्त्रज्ञ निल्सन-एले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाण्याच्या लाल रंगात हेच ६३:१ प्रमाण दाखवले. (हा रंग दाण्याच्या सालीत असतो आणि साल मातृझाडाची असते, म्हणून दाण्याचा रंग आतल्या गर्भाची नव्हे, तर तो दाणा ज्या झाडावर आला त्या झाडाची जनुके सांगतो; मोजणी करताना याचा विसर पडल्यास एका पिढीची गल्लत होते.) मूळ वाणात लाल रंगाचे एकच जनुक कार्यरत असेल, तर एकाच बदलाने दाणा फिका होऊ शकतो. लाल दाण्याच्या सोनोरा ६४ या मेक्सिकन वाणावर विकिरण करून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा मिळाला, तो १९६० च्या दशकात.

याउलट स्पेल्ट या जुन्या गहू प्रकारासारखी लांबट, विरळ ओंबी बऱ्याचदा ५अ वरील क्यू जनुकाचा तुकडा गळाल्याने येते. तिथे जनुकाच्या मात्रेचा (प्रती किती आहेत याचा) परिणाम दिसतो, आणि तुकडा गळालेला परागकण फलनात मागे पडत असल्याने अपेक्षित प्रमाण मिळत नाही.

टिकाऊपणाची परीक्षा तिसऱ्या पिढीत होते. निवडलेल्या झाडाची संततीही एकसारखी निघाली, तर गुण स्थिर समजावा. मूळ वाणाशी संकर करून दुसऱ्या पिढीत प्रमाण मोजल्यास किती जनुके गुंतली आहेत हेही कळते. केवळ खत-पाण्याने आलेला फरक या परीक्षेत टिकत नाही.