रोबोटच्या आडून नोकरी: लोक काय म्हणतील?

प्रश्न : ताई, अपघातानंतर माझ्या पुतण्याची मानेखालची हालचाल गेली. बोलायला मात्र पक्का, आणि कॉम्प्युटर नजरेने चालवतो. जपानमध्ये अशी माणसं घरून रोबोट चालवून हॉटेलात कामं करतात म्हणे. घरचे म्हणतात, लोक बाहुलं समजून हसतील. तुम्ही टोकियोत राहता. खरं काय?
– एक काका, मिरज

उत्तर : काका, खरं आहे. इथल्या निहोनबाशी भागात २०२१ पासून ‘डॉन’ नावाचा कॅफे आहे. तिथं ‘ओरिहिमे’ हे रोबोट गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, त्यांतले १२० सेंटीमीटर उंचीचे ऑर्डरही आणून देतात. चालवणारे घरी असतात, काही तर पूर्ण अंथरुणाला खिळलेले. त्यांना इथं पायलट म्हणतात आणि पगार मिळतो.

मी गेले तेव्हा माझ्या टेबलावरच्या पायलटबाईंनी आधी स्वतःचं नाव-गाव सांगितलं, मग माझी टिकली पाहून विचारलं, ही रोज लावता का? पाच मिनिटांत रोबोट विसरायला झालं, इतक्या बोलघेवड्या! शेजारची शाळकरी पोरं हसली, पण बाईंच्या विनोदाला. ओरिहिमेचा चेहरा ‘नोह’ या पारंपरिक जपानी नाटकातल्या मुखवट्यासारखा कोरा ठेवलाय, त्यामुळे भाव आपण आवाजावरून भरतो.

लोक बिचकतात ते वेगळ्या ठिकाणी. जपान सरकारच्या ‘मूनशॉट’ योजनेत २०३० पर्यंत एका माणसाने दहाहून अधिक ‘अवतार’, म्हणजे दुरून चालवायचे असे रोबोट किंवा पडद्यावरची पात्रं, चालवावेत असं उद्दिष्ट आहे. गेलेली हालचाल परत मिळतेय म्हटलं की माझ्या शेजारच्या आजी माना डोलावतात. धडधाकट माणूस एकाच वेळी दहा ठिकाणी हजर, म्हटलं की विचारतात, मग उरलेल्या नऊ जणांनी काय करायचं? मला त्यांचं पटतं. इथल्या काही दुकानांत फ्रीजमध्ये बाटल्या लावणारा रोबोट अडला की फिलिपिन्समध्ये बसलेला कामगार तो सोडवतो. यात क्षमता वाढली ती दुकानदाराची, असं माझं मत.

पुतण्यासाठी रोबोटची वाट पाहू नका. ओळखीतल्या एखाद्या दुकानात काउंटरवर टॅबलेट ठेवा, व्हिडिओ कॉलवर त्याला गिऱ्हाइकांशी बोलू द्या. शेजारी त्याचं नाव आणि फोटो ठळक लावा, म्हणजे पलीकडे माणूस आहे हे येणाऱ्याला आधीच कळेल. फोनवर येणाऱ्या ऑर्डरीही त्याच्याकडे द्या. आणि घरचं दुकान असलं तरी पगार आधी ठरवा.