लेकाला पोहोचवू नकोस, त्याच्यासोबत जा

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. चार पानांचं आहे, त्यामुळे मोजकाच भाग देते.

"प्रिय काकू, मुलगा सतरा वर्षांचा आहे, अभ्यासात चांगला. दीड वर्ष बेसमेंटमध्ये बसून त्याने कोल्ह्याचा पोशाख शिवला. आम्हाला वाटलं, शाळेच्या नाटकासाठी असेल. आता म्हणतो, डिसेंबरच्या सुरुवातीला शिकागोजवळ असे प्राण्यांचे पोशाख घालणाऱ्या लोकांचं, त्यांना फरी म्हणतात म्हणे, मोठं संमेलन असतं, तिथे जायचं आहे. आणि विमानाने नाही, रात्रीच्या रेल्वेने! कोल्ह्याचं डोकं विमानात चेपेल म्हणे. काकू, या देशात रेल्वेने कोण जातं? आम्ही दोघं सुन्न झालो आहोत. ही माणसं कशी असतात? कॉलेजचे अर्ज तोंडावर आलेत, सासूबाई त्याच सुमारास येणार आहेत, मंडळात कोणाला कळलं तर काय सांगू? फार तर विमानाचं तिकीट काढून देऊ, ह्यांचे मित्र तिकडे आहेत, ते त्याला सोडतील आणि परत आणतील. चालेल ना?"

नाही चालणार. तुझी घालमेल मला समजते, पण तिकीट काढून द्यायचं आणि दुसऱ्या कोणीतरी सोडायचं, ही वाट मला पसंत नाही. मुलाने रात्रीच्या गाडीने जावं आणि तू त्याच्यासोबत जावंस. तुला जमत नसेल तर त्याच्या बाबांनी जावं.

इथल्या आपल्या पिढीची ही सवयच झाली आहे. मुलांना आपण सगळीकडे पोहोचवतो. पोहायला, गणिताच्या क्लासला, रविवारी मराठी शाळेत. दारापाशी गाडी थांबते, मूल उतरतं, आपण तासाभराने परत न्यायला येतो. आत काय घडलं, हे येताना दोन वाक्यांत विचारतो आणि एका शब्दात उत्तर मिळतं. वर्षानुवर्षं हे चालतं आणि मग एक दिवस बेसमेंटमधून कोल्हा बाहेर येतो, तेव्हा आपण सुन्न होतो. दीड वर्ष, अगं! शिलाई मशीनचा आवाज येत असेल ना वर? एकदाही जिना उतरून खाली गेली नाहीस?

रागावू नकोस. मी स्वतः याहून वाईट वागले आहे, म्हणून एवढ्या ठामपणे बोलते.

माझी थोरली हायस्कूलमध्ये असताना लांडगे काढायची. दोन पायांवर उभे, अंगात जाकीट, हातात पुस्तक. वह्याच्या वह्या भरल्या होत्या. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "याचा पुढे काय उपयोग?" आणि मी तिची बाजू घेतली नाही. नंतर आम्ही शिकागोच्या एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात घर हलवलं, त्या आवराआवरीत मी त्या सगळ्या वह्या जुन्या कागदांबरोबर टाकून दिल्या. नव्या घरात तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले, सापडत नाहीत, कुठल्या तरी खोक्यात असतील. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्यासमोर चित्र काढणंही बंद झालं.

२०१९ मध्ये, ती चोवीस वर्षांची झाल्यावर, तिने अचानक विचारलं, "आई, जुलैमध्ये माझ्याबरोबर पिट्सबर्गला येशील?" तिथे अँथ्रोकॉन नावाचं असंच फरी संमेलन भरतं. ती आधी दोनदा जाऊन आली होती, मला पत्ताही नव्हता. शिकागोहून पिट्सबर्गला तेव्हा कॅपिटल लिमिटेड नावाची गाडी होती. संध्याकाळी पावणेसातच्या आत सुटायची आणि पहाटे पाचला पोहोचवायची. दोघींसाठी एक रूमेट घेतली, म्हणजे गाडीतली छोटी बंद खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि रात्री त्यांचाच खालचा बर्थ होतो, वरचा छतापासून खाली येतो. ती वर, मी खाली. मला महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला जातानाची रात्र आठवली. दिवे मालवल्यावरच बायकांच्या खऱ्या गप्पा सुरू व्हायच्या.

क्लीव्हलंड मागे पडलं तेव्हा दोन वाजत आले होते. दोघींनाही झोप नव्हती. त्या डब्यात वरच्या बर्थला खिडकी नसते, त्यामुळे ती पूर्ण अंधारात होती आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत असता तर कदाचित मी बोललेच नसते. मी सांगून टाकलं, की वह्या हरवल्या नव्हत्या, मी टाकल्या होत्या. वरून बराच वेळ काही आलं नाही. मग ती म्हणाली, "माहीत आहे, आई. रिसायकलिंगचा डबा त्या दिवशी मीच रस्त्यापर्यंत ओढत नेला होता."

आठ वर्षं तिने हे मनात ठेवलं होतं. घरात, जेवणाच्या टेबलावर, गाडी चालवताना हे बोलणं आमच्यात कधी झालं नाही आणि झालंही नसतं. घरात कोणीही उठून आपल्या खोलीत जाऊ शकतं. विमानात तिसरा माणूस कोपराला कोपर लावून बसलेला असतो. रात्रीच्या गाडीत उठून जायला जागा नसते आणि घाईही नसते. म्हणून मी या सदरात सांगत असते, मोठ्या होत चाललेल्या मुलाबरोबर एक रात्र गाडीत काढा.

आता तुझ्या गाडीविषयी. न्यूयॉर्कहून शिकागोला रोज जाणारी रात्रीची थेट गाडी म्हणजे लेक शोर लिमिटेड. पेन स्टेशनच्या मॉयनिहान हॉलमधून दुपारी उशिरा निघते, ऑल्बनी, सिरॅक्यूज, बफेलो, क्लीव्हलंड करत दुसऱ्या दिवशी सकाळी शिकागोच्या युनियन स्टेशनला लागते. साधारण वीस तास. रूमेट घे, नुसत्या खुर्चीवर काटकसर करू नकोस. स्लीपरच्या तिकिटात जेवण आलंच आणि आंघोळीची सोयही. या गाडीच्या डब्यांत वरच्या बर्थलाही स्वतःची खिडकी असते, ती लेकाला दे. निघाल्यावर बराच वेळ हडसन नदी डाव्या हाताला असते आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेवढ्या वेळात फोन काढू नकोस.

नियमाने तो एकटाही जाऊ शकतो, हे खरं. अ‍ॅमट्रॅक ही इथली रेल्वे कंपनी सोळा वर्षांपासून पुढच्यांना एकटं प्रवास करू देते. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना एकट्याने रात्रीचा प्रवास करता येत नाही. पण तो जाऊ शकतो म्हणून तू घरी बसायचं, असं नाही.

सामानाबाबत लेकाचं म्हणणं अगदी बरोबर आहे. फरसूटचं, म्हणजे अशा पोशाखाचं, डोकं फोम कोरून केलेलं असतं, वरून नकली फर चिकटवलेली किंवा शिवलेली. दाब पडला की नाक वाकडं होतं, आणि दीड वर्षाचं काम जातं. डोकं वेगळ्या पिशवीत, तुमच्याबरोबर रूमेटमध्ये. अंग, पंजे आणि शेपटी मोठ्या सुटकेसमध्ये घालून ती लगेजला दे. माणशी दोन नग मोफत जातात, प्रत्येकी ५० पौंडांपर्यंत, पण गाडी सुटायच्या किमान ४५ मिनिटं आधी द्यावे लागतात. रूमेटमध्ये मोठी सुटकेस मावत नाही, तो प्रयत्नही करू नकोस. शिकागोला उतरल्यावर क्लिंटन स्टेशनहून ब्लू लाइन मेट्रो पकड आणि रोझमाँटला उतर, ओहेअर विमानतळाच्या अलीकडचं स्टेशन. हॉटेल आणि प्रदर्शन केंद्र तिथून जवळ आहे, दोन्हींना जोडणारा बंदिस्त पूल आहे, त्यामुळे एकदा आत गेलं की थंडीत बाहेर पडावं लागत नाही. एक दिवस हातचा ठेव. रूळ बहुतेक ठिकाणी मालगाडी कंपन्यांचे आहेत, शिवाय बफेलोकडे डिसेंबरात बर्फ पडतो. गाडी उशिरा पोहोचेल असं धरूनच निघ, म्हणजे चिडचिड होणार नाही.

तू विचारतेस, "ही माणसं कशी असतात?" फरी म्हणजे माणसांसारखं वागणाऱ्या प्राणी-पात्रांचा छंद असलेले लोक. या छंदाचं पहिलं स्वतंत्र संमेलन जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे भरलं, तेव्हा जेमतेम पासष्ट जण जमले होते. तुझा लेक जातोय त्या मिडवेस्ट फरफेस्टला २०२३ मध्ये पंधरा हजारांवर लोक आले. त्यातल्या बहुतेकांकडे सूट नसतोच. कोणी चित्रं काढतं, कोणी कथा लिहितं, कोणी नुसतं मित्रांना भेटायला येतं. प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्याला फर्सोना म्हणतात. त्या पात्राला नाव असतं, स्वभाव असतो, बऱ्याचदा स्वतःत जे धाडस नाही ते त्या पात्रात असतं. तुझ्या चार पानांत कोल्हा नऊ वेळा आला, त्याचं नाव एकदाही आलं नाही. गाडीत बसल्यावर ते विचार. आणि फर कशी कापली, तेही विचार. फर उलट्या बाजूने, पात्याने फक्त पाठचं कापड कापलं जाईल अशी कापावी लागते. कात्री चालवली तर केस तुटतात. हे तो कुठून शिकला, हे तुला माहीत असायला हवं.

पिट्सबर्गला मी लेकीची हॅण्डलर होते. सूटमधून फार थोडं दिसतं. पायऱ्या, लहान मुलं, ओली फरशी यांची सूचना कोणीतरी द्यावी लागते. आत प्रचंड उकडतं. तिचा पंजा माझ्या हातात, दुसऱ्या हातात स्ट्रॉ घातलेली पाण्याची बाटली, असे आम्ही परेडमध्ये चाललो. दर अर्ध्या-पाऊण तासाने हेडलेस लाउंजमध्ये जायचं. तिथे पंखे असतात, पाणी असतं, डोकी काढून लोक बसतात, आणि तिथे फोटो काढायचे नाहीत. घामाने थबथबलेली माझी मुलगी समोर बसून हसत होती. तिच्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ होते, अस्वलाच्या पायांत, आणि ते तिला सूट वाळवण्याच्या युक्त्या सांगत होते. मला वाटलं, इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते?

तिथे तू त्याची हॅण्डलर हो. तो म्हणेल नको, त्याचे मित्र आहेत. तर निदान एक फेरी माग. बाकीचा वेळ त्याला मोकळा सोड, त्याच्या मागे मागे हिंडू नकोस. दिवसाला सहा तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ, हा तिथला जुना नियम आहे, तेवढा पाळतोय का ते बघ. कोणाच्या सूटला न विचारता हात लावायचा नाही, हे तुलाही लागू आहे.

प्रौढांसाठीचे कार्यक्रम? असतात काही, रात्री उशिरा, आणि दारावर वय तपासतात. अठरा वर्षांखालच्यांना पालकांची लेखी संमती लागते. कागद कसा हवा ते संमेलनाच्या नियमांत आधी नीट वाच, दारात पोहोचल्यावर धावाधाव नको. हे सगळं तू बरोबर असलीस की आपोआप सोपं होतं.

कॉलेजचे अर्ज: वीस तास जायचे, वीस तास यायचे, निबंध लिहायला याहून चांगली जागा मिळणार नाही. आणि एक निबंध त्या कोल्ह्यावर लिहू दे.

सासूबाईंना खरं सांग. त्यांनी सोंगं पाहिली आहेत, बहुरूपी पाहिले आहेत, त्या तुझ्याएवढ्या घाबरणार नाहीत. माझ्या सासूबाई लेकीचा फोटो पाहून एवढंच म्हणाल्या, "शेपटी हाताने शिवलीस की मशीनवर?"

मंडळाचं मला विचारू नकोस. ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांना सांग.

परतीचं मात्र लक्षात ठेव. रविवार रात्रीची गाडी काढू नकोस. सूट घामाने ओला असतो, ओलाच सुटकेसमध्ये कोंबला तर बुरशी धरते आणि वास जात नाही. रविवारी रात्री हॉटेलच्या खोलीत तो उलटा करून टांगा, आतून अल्कोहोल-पाण्याचा फवारा मारा, पंखा लावून ठेवा. सोमवारी रात्री शिकागोहून निघा, मंगळवारी संध्याकाळी न्यूयॉर्क. त्याची दोन दिवस शाळा बुडेल. बुडू दे.