मुलाला त्याच्या नावाने हाक मारा

पत्र, संक्षेपाने: "मुलगी नोव्हेंबर 1996 ची, सहा वर्षे एकाच बँकेत टिकून आहे. मुलगा जानेवारी 1998 चा. पुण्यातील नोकरी सात महिन्यांत सोडून घरी आला आणि कारण सांगत नाही. ही जेन झी पिढीच चिकाटी नसलेली. घरात आम्ही सगळे त्याला आता 'जेन झी' म्हणूनच हाक मारतो, तोही हसतो. त्याला जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी?"
— एक पालक, सांगली

सप्रेम नमस्कार.

हाक मारण्याची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे, आणि मी तिथेच थांबले. ज्या मुलाचे नाव तुम्ही बारशाला हौसेने ठेवले असेल, ते त्याच्या स्वतःच्या घरात आता कोणी उच्चारत नाही. तरीही तो मनातले सांगत नाही याचे तुम्हाला नवल वाटते, याचा मला खरोखर राग आला. तो हसतो म्हणजे त्याला ते आवडते, असे मुळीच नाही. वडिलांनीच सगळ्यांसमोर असे संबोधल्यावर मुलाला दुसरे काय करता येते?

ज्या रेघेवरून तुम्ही दोन मुलांची वाटणी केलीत, ती कुठून आली तेही पाहा. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने 1981 ते 1996 या काळात जन्मलेल्यांना मिलेनियल आणि 1997 पासूनच्यांना जेन झी म्हणायचे ठरवले. त्यामागचे एक कारण असे की, 2001 साली अमेरिकेवर झालेला हल्ला पहिल्या गटातील बहुतेकांना आठवतो आणि दुसऱ्या गटातील बहुतेकांना आठवत नाही. त्या वेळी तुमची मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा तीन वर्षांचा, दोघेही सांगलीत तुमच्याच घरात. त्यांच्या वयातील चौदा महिन्यांच्या अंतरातून ही परकी रेघ गेली, एवढ्यावर तुम्ही एकीला कष्टाळू आणि दुसऱ्याला पळपुटा ठरवलेत. ही नावे यापुढे जपून वापरू, असे त्या संस्थेनेच 2023 मध्ये जाहीर केले आहे.

समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी 1928 मध्येच लिहिले होते की, केवळ जन्मसाल जवळचे असल्याने पिढी बनत नाही. तरुण वयात एकाच मोठ्या घटनेतून एकत्र गेल्याने ती बनते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा तुमची मुलगी बावीस वर्षांची होती आणि मुलगा एकवीस वर्षांचा. सांगलीच्या माणसाला पिढी मोजायचीच असेल, तर त्या पुराने मोजावी, आणि त्या मोजणीत तुमची दोन्ही मुले एकाच बाजूला येतात.

म्हणून मुलाला जाणीव करून देण्याचा विचार तूर्त सोडा. आज रात्री जेवायला बसताना त्याला त्याच्या नावाने हाक मारा, त्या सात महिन्यांत पुण्यात काय घडले ते विचारा, आणि तो बोलत असताना बहिणीचे उदाहरण मध्ये आणू नका. पहिल्या रात्री तो कदाचित काहीच सांगणार नाही. दुसऱ्या रात्रीही त्याच नावाने हाक मारा.