शिलाईचं शंकानिरसन : लेदरवर दोऱ्याची टोकं कुठे लपवायची?

प्रश्न : ताई, मी मशीनवर लेदरची पाकिटं आणि छोटे पाऊच शिवते. मधली शिलाई मस्त सरळ येते पण सुरुवात आणि शेवट अगदी बघवत नाही. रिव्हर्स मारलं की टाक्यांचा गचका होतो, नाही मारलं तर थोड्याच दिवसांत दोरा उसवायला लागतो. लायटरने टोक जाळून बघितलं तर पांढरा दोरा काळा पडला आणि शेजारचं लेदरही आक्रसलं. विकतच्या बॅगांना टोकं दिसतच नाहीत, ते लोक नेमकं करतात काय?

उत्तर : टोकं त्यांच्याही बॅगेला असतात हो, फक्त ती मागच्या बाजूला नेऊन बसवलेली असतात.

आधी ते रिव्हर्स बंद करा. कापडात सुई गेली तरी विणीतले धागे परत जवळ येतात, लेदरमध्ये मात्र पडलेलं भोक कायमचं. आणि बऱ्याच मशीनवर मागचा टाका पुढच्याएवढाच येत नाही, म्हणजे पुढे जाताना 3 मिमीचा टाका पडला आणि मागे येताना अडीचचा, की जुन्या भोकांच्या मधेमधे नवीन भोकं पडतात आणि ती जागा पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटायला तयार होते.

त्यापेक्षा शिलाई संपत आली की पायडल सोडून द्या. चाक हाताने, नेहमीसारखं आपल्याकडेच फिरवायचं. शेवटच्या टाक्याला सुई वर आली की मशीनचा पाय (लेदर दाबून धरतो तो) उचला, लेदर हातानेच सरकवून आधीचं भोक बरोबर सुईखाली आणा आणि सुई हळू उतरवा. असे दोन किंवा तीन टाके मागे या, बास. घाई मात्र नको, कारण लेदरच्या सुईचं टोक पात्यासारखं कापत जातं, जराशी बाजूला पडली तर आधीचाच दोरा कापेल!

मग दोन्ही दोरे वीतभर ठेवून कापा. लेदर उलटं करून बॉबिनचा म्हणजे खालचा दोरा हलकेच ओढला की त्याच भोकातून वरच्या दोऱ्याचा इवलासा फास डोकावतो, त्यात सुई घालून अख्खं टोक मागे ओढून घ्या. आता पुढून काहीच दिसत नाही. मागे दोन्ही दोऱ्यांची गाठ मारा, भोकाला अगदी चिकटून.

पुढचं काम दोरा कशाचा आहे त्यावर. एक तुकडा लेदरपासून लांब नेऊन पेटवून बघा, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, राख झाली तर सुती नाहीतर लिनन. सुती दोरा वितळणारच नाही, तिथे गाठीवर सुईच्या टोकाने ग्लूचा ठिपका द्यायचा, वाळला की कापायचं. नायलॉन-पॉलिएस्टर अडीचशे डिग्रीच्या आसपास वितळतं, लायटरची ज्योत त्याहून कितीतरी गरम आणि वर काजळी धरणारी, म्हणून तुमचं टोक काळं पडलं. 2 मिमी ठेवून कापा आणि सोल्डरिंग आयर्नच्या (तारा जोडायचं विजेचं अवजार) तापलेल्या टोकाने नुसतं स्पर्शून वितळवा, लेदरला टेकवू नका. गोळी झाली की लगेच थंड धातूने चपटी दाबा, नाहीतर ती बोटाला टोचत राहते. (गोळी मोठी आली तर दोरा जास्त ठेवला होता असं समजा.)

प्रश्न : सुरुवातीला खाली दोऱ्याचं जाळं होतं त्याचं काय?

उत्तर : दोन्ही टोकं मशीनच्या पायाच्या मागे घेऊन पहिले तीन-चार टाके बोटाने धरून ठेवा, ओढायचं नाही, नुसतं धरायचं. सुरुवातीची टोकंही वरच्यासारखीच मागे घ्या.

प्रश्न : पट्टा दोन्ही बाजूंनी दिसतो, मग मागची बाजू कुठली?

उत्तर : मग दोन थरांच्या मधे! शिलाई संपते तिथे थरांना कडेचा गोंद आधी लावूच नका, थोडी जागा उघडी ठेवा. वरचा दोरा हातसुईने फक्त वरच्या थरातून आणि खालचा फक्त खालच्या थरातून मधे उतरवा, आत गाठ मारा, ठिपकाभर ग्लू द्या, टोकं कापा आणि मग ती फट चिकटवून दाबून ठेवा. आणि ही जागा बक्कलजवळ किंवा जिथे पट्टा सतत वाकतो तिथे अजिबात धरू नका, तिथे ताण सगळ्यात जास्त येतो.